धुऱ्यावरच्या शेंगा

थंडीच्या दिवसांत आमच्याकडे संध्याकाळी काय शिजवायचं हा प्रश्नच नसतो. तुरीच्या शेंगा भरल्या की सोले, म्हणजे त्यातले हिरवे दाणे, वांग्यात घालायचे आणि ज्वारीची भाकर थापायची. शेतातून येताना धुऱ्यालगतच्या, म्हणजे बांधाकडेच्या, तासातून ओटीभर शेंगा तोडून आणणं हे बायकांचं काम. आणि फवारणी झाली असेल तर तिथे पळसाची फांदी खोचून ठेवणं हे पुरुषांचं. फांदी दिसली की शेंगेला हात लावायचा नाही, एवढं आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं.

त्या दिवशी मी सकाळपासून कापूस वेचत होते. दहिवरानं बोंडं ओली, बोटं गारठलेली, त्यात बोंडांची टोकं नखांत शिरत होती. नवरा नाल्याच्या बाजूला तुरीवर अळीचं औषध मारत होता. निघताना मी धुऱ्याकडे पाहिलं, फांदी नव्हती. ओटी भरली आणि घरी आले.

सासूबाई चुलीपाशी बसून शेंगा सोलू लागल्या. कोवळी शेंग हाती आली की ती दातानंच सोलायची ही त्यांची खोड. चार दाणे टोपल्यात, दोन तोंडात. त्यांच्या गोळीची वेळ म्हणून त्यांना आधी वाढलं. भाजी त्यांनी दोनदा मागून घेतली. मी मनातून खूश, कारण माझ्या भाजीला नाव न ठेवता त्या ताटावरून क्वचितच उठायच्या.

मग नवरा आला. ओसरीवर टेकला आणि सालांकडे पाहून म्हणाला, "शेंगा कुठच्या?"

"धुऱ्यावरच्या."

त्याच्या हातातला पाण्याचा गडवा खाली पडला. "अवं, दुपारी वारा फिरला म्हून तिकडूनच मारत आलो ना मी!"

"मंग फांदी काहून नाही खोचली?"

"डोकं जड झालतं. राहून गेली."

"डोकं हायच कुठं तुमच्याजवळ!" मी ओरडले. सासूबाई शांतपणे सुपारी कातरत होत्या. त्या नुसत्या खोकल्या तरी मी त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले.

शेजाऱ्यांचा ऑटो काढला आणि घाटंजीला निघालो. रस्ताभर मी सासूबाईंचा हात सोडला नाही. "आत्याबाई, दिसते ना बराबर? मळमळते का?"

"चांगली हाव व मी," त्या चिडल्या. "तूच मले मारून राह्यली इचारून इचारून."

कळंबच्या चिंतामणीला मी मनातल्या मनात किती विनवण्या केल्या, त्याला ठाऊक. ताट माझ्या हातानं वाढलेलं. सासूबाईंना काही झालं तर गाव म्हणेल, सुनेनं घातलं. ही भीतीही मनात आली, खोटं कशाला सांगू. नवरा समोर बसून सारखं तोंड पुसत होता. थंडी मी म्हणत होती आणि त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. आईच्या काळजीनं घाबरलाय, असं मला वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना खाटेवर निजवलं, नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली. "यांचं ठीक दिसतंय. तरी थोडा वेळ थांबा." माझा जीव भांड्यात पडतोय तोच त्या वळल्या. "फवारणी कोणी केली?"

नवरा पुढे झाला. त्यांनी त्याच्याही डोळ्यांत बॅटरी धरली आणि घाईनं नर्सला हाक मारली. त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तोंड तो पुसत होता ते लाळ आवरत नव्हती म्हणून.

"पण बाई, यांनी तर अजून घासही खाल्ला नाही," मी म्हणाले. तेव्हाही मला विष फक्त ताटातच दिसत होतं.

कोणी सांगायच्या आतच सासूबाई खाटेवरून उतरल्या. "इथं निज, बाप्पा," म्हणाल्या आणि त्याला दंडाला धरून निजवलं. नर्सनं त्याचा सदरा काढला, अंग साबणानं पुसलं, सुया दिल्या, बाटली लावली. त्याची बोटं थरथरत होती. मी भिंतीला धरून उभी होते. वाटेत सासूबाईंना दहादा विचारलं होतं मी, त्याला एकदाही नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले आणि आधी विचारलं, "मायले कसं हाय?"

त्या त्याच्या पायाशीच बसल्या होत्या, तळवे चोळत.