न उघडणारी खिडकी

आमच्या ह्यांनी आयुष्यभर कॉलेजात भूगोल शिकवला. अटलांटिकचे प्रवाह फळ्यावर कितीदा काढले असतील, पण समुद्र पाहिला तो अलिबागचा. त्यामुळे न्यूयॉर्कला मुलीकडे जायचं ठरलं तेव्हा त्यांची एकच अट होती. इंग्लंडपर्यंत विमान, पुढे जहाज.

मी हरकत घेतली नाही. वर्षभरात त्यांचे आधी चष्मे हरवले, मग शब्द, मग आमच्या सावेडीतल्या सावेडीत घरचा रस्ता. पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि जे करायचं ते लवकर करा म्हणाले. माझं मेडिकल स्टोअर आहे. त्यावरच्या गोळ्या काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ट्रॅव्हल एजंटने जहाजाचा नकाशा टेबलावर पसरला. त्याचं म्हणणं, जून-जुलैत समुद्र शांत असतो, तेव्हाच जा. नोव्हेंबरात जहाज फार हलतं. पुढचा जून मला लांब वाटला. ह्यांनी मात्र मजेत विचारलं, "तिकडं पाणी कधी उतरतं?"

हे पुणतांब्याचे. लहानपणी मामाचा मळा गोदावरीच्या पलीकडे होता. पावसाळा संपून पाणी उतरलं की आई त्यांना नदीतून चालत जाऊ द्यायची.

"सर, भर समुद्रातलं पाणी उतरत नसतं," एजंट म्हणाला. आम्ही तिघंही हसलो.

खोली ह्यांनी बाल्कनीची निवडली. पाणी दिसलं पाहिजे, एवढंच. महिना मी ठरवते म्हटलं.

मुलीने फोनवर एजंटचीच री ओढली. उन्हाळ्यात या, बाबांना त्रास होईल.

"जहाज हलू दे," मी म्हणाले. "बाबांना तू ओळखू यायला हवीस."

नोव्हेंबर ठरला.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी पाऊस पडून गेला होता. खाली पार्किंगमध्ये पाणी साचून त्यात दिवे चमकत होते. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. मी भाकरी थापत होते. बाल्कनीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला म्हणून पिठाच्या हातानेच बाहेर आले. हे खुर्चीवर उभे होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात, एक पाय कठड्याच्या पलीकडे.

"अहो," मी चहाला हाक मारते त्याच आवाजात म्हणाले.

"पाणी उतरलंय. मामाकडं जाऊन येतो."

"आधी भाकरी खाऊन घ्या. तिकडं उशीर होईल."

त्यांना ते पटलं. पाय आत घेतला, खाली उतरले, चपला जागेवर ठेवून पायपुसण्याला पाय पुसले आणि पानावर बसले. मी तवा उतरवला तेव्हा भाकरी करपली होती.

दुसऱ्या दिवशी बाल्कनीच्या दाराला उंचावर कुलूप लावून घेतलं आणि एजंटकडे गेले. जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली मागितली. खिडकी असावी, पण न उघडणारी. सरांना तर बाल्कनी आवडली होती, तो म्हणाला. मी कारण सांगितलं नाही. दाराला आतून कुलूप लावता येतं का, एवढं विचारलं.

"येतं ना. पण आतल्या माणसाला ते केव्हाही उघडता येतं, मॅडम. आग वगैरे लागली तर? सगळ्या जहाजांवर तसंच असतं."

येताना, दार उघडलं की वाजणारी एक बेल मी विकत घेतली.

बाल्कनी गेल्याचं ह्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मी घरी आणलेला जहाजाचा नकाशा त्यांनी मांडीवर घेतला आणि वर्गात फिरवायचे तसं बोट फिरवायला लागले. आधी खिडकीवर टेकवलं, क्षणभर थांबले. मग बोट दारातून बाहेर पडलं, बोळातून सरळ गेलं, जिना चढलं आणि डेकच्या कडेला थांबलं.

"इथून उतरता येतं," ते म्हणाले. कितीतरी दिवसांत त्यांचा आवाज इतका स्वच्छ आला नव्हता.

मी नकाशाची घडी करून पर्समध्ये ठेवली. बुकिंग झाल्याचं मुलीला कळवलं. बाकीचं नाही.