पितृपंधरवड्यातली सही

आमच्या ब्योब्लिंगेनच्या मराठी मंडळात डॉक्टर पद्माकर सर्वांचा लाडका. तो समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचा, म्हणून तो गेल्यावर त्याच्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मला लिहिता येत नाही, आणि खरं सांगायचं तर तो मला फारसा कळलाही नाही. तो आला की मी त्याच्याकडे पाहायचोच नाही, माझ्या बायकोकडे, स्नेहलताकडे पाहायचो. तिचा चेहरा उजळायचा.

चाळिशीनंतर तो जर्मनीत आला. आधी ब्राउनश्वाइगच्या इस्पितळात, मग ड्युसेलडॉर्फला, शेवटी इथे. जाईल तिथे माणसं जोडायचा. मी सगळी नोकरी याच गावात केली, तरी खालच्या मजल्यावरची जर्मन बाई मला 'डॉक्टरांच्या समोरचे' म्हणून ओळखते.

इथे डॉक्टरांचा पेन्शन फंड प्रत्येक राज्याचा वेगळा असतो. राज्य बदललं की आधीची वर्गणी नव्या फंडात नेता येते, पण मुदतीत अर्ज केला तरच. ब्राउनश्वाइगची वर्गणी त्याने ड्युसेलडॉर्फला नेली होती. आता सगळी इथे आणायची, तर मुदत संपत होती नेमकी पितृपंधरवड्यात. गडी सही करेना.

"घटस्थापना होऊ द्या, वहिनी. या दिवसांत आमच्या आईने कधी साधी चप्पल घेतली नाही."

"अहो भावजी, तोवर मुदत संपेल. म्हातारपणी एका राज्यात एक तुकडा, दुसऱ्यात दुसरा, असं करत बसणार का?"

"हो, ते खरंय. पण पक्ष..."

"चप्पल नवी असते. ही तुमची जुनीच कमाई. घर बदलताना देव नाही का सोबत आणलेत?"

तो मोठ्याने हसला. "दादा, वहिनींना वकील करायला हवं होतं!"

मी पेपरात डोकं घातलं. बसू दे अडून, असं मनात आलं. माझ्या पेन्शनच्या वेळी ही अशी भांडली नव्हती. भांडण्यासारखं काही नव्हतंच म्हणा. एकच गाव, एकच फंड.

सर्वपित्रीला हिने खीर-वडे केले. डबा घेऊन जाताना तो म्हणाला, "आधी बाबांना पान ठेवतो. त्यांना सांगतो आणि मग सही करतो." आणि खरंच केली. आमच्या घरी खीर उरली ती तळाची.

हिवाळ्यात एका संध्याकाळी त्याने बेल वाजवली. त्यानंतर दोन दिवसांनी इस्पितळातच त्याचं हृदय थांबलं. त्या संध्याकाळी दार मी उघडलं.

"वहिनी आहेत?"

"बाजारात गेलीये."

"मग तुम्हालाच सांगतो, दादा. आलं सगळं. एका जागी आलं."

"बरं झालं."

"सर्वपित्रीचा डबा अजून माझ्याकडेच आहे. आणून देऊ?"

"आता नको. ती असताना ये."

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो हसून म्हणाला. "वहिनी असतानाच येतो."