पान राज्याचं, फूल केंद्राचं

मालगुंडच्या आमच्या घराच्या माडीवर बसून मी अमेरिकेतल्या माणसांची बोलणी टाइप करते. सभा, सुनावण्या, कोर्टातल्या साक्षी. ध्वनिफीत येते, यंत्र तिचा कच्चा मजकूर काढतं आणि मी हेडफोन लावून त्यातल्या चुका दुरुस्त करते. पायाखाली एक पेडल असतं. ते दाबलं की आवाज मागे जातो आणि माणूस तेच वाक्य पुन्हा बोलतो. चार-पाच तास असे परके आवाज ऐकले की डोळे उघडे असूनही झोपेत चालल्यासारखं वाटतं. कुणी तरी बूट आपटून त्यावरचा बर्फ झाडतं, खुर्ची सरकते, कुणी खोकतं. आणि मी मान वर करते तर खिडकीत मोहोर आलेलं आंब्याचं कलम आणि पलीकडे समुद्राचा पांढुरका पट्टा.

दोन वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, माझ्याकडे गांजाची सुनावणी आली. तिथल्या एका राज्यात तो औषध म्हणून आधीच मिळत होता. आता सगळ्याच सज्ञान माणसांना मोकळा करायचा का, यावर लोकांचं म्हणणं ऐकून घेत होते. प्रत्येकाला तीन मिनिटं. एक शिक्षिका आपल्या भावाबद्दल बोलली. त्याचं डोकं त्या धुरातच बिघडलं, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते सांगताना तिचा आवाज फाटला. एक शेतकरी बोलला, एक पोलीस बोलला. मग एक म्हातारी आली. तिचा आवाज जुन्या कापडासारखा मऊ होता. ती बोलता बोलता थांबायची, आणि त्या थांबण्याच्या जागी यंत्राने काहीच लिहिलेलं नसायचं. तिथे ‘स्तब्धता’ असं लिहिणं माझं काम. तिच्या तीन मिनिटांत मी ते सात वेळा लिहिलं.

वडील माझ्याबरोबरच राहतात. त्या वर्षी त्यांच्या पाठीवर नागीण उठून गेली होती. फोड सुकले, पण आतली आग राहिली. सदरा अंगाला लागला तरी ते डोळे मिटून घ्यायचे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी गुंगी यायची, झोप यायची नाही. दुपारच्या चहाला मी खाली आले की ते पडवीत उघड्या अंगाने बसलेले असत आणि विचारत, “आज काय झालं तुझ्या सभेत?” सुनावणी सगळ्यांना खुलीच होती, म्हणून मी सांगायची. त्यांना एखाद्या मालिकेसारखी तिची ओढ लागली होती.

त्या दिवशी मी म्हातारीचं सांगितलं. हाडांचं दुखणं, औषध म्हणून गांजाचे थेंब.

“मग राज्याने परवानगी दिलीय ना तिला?”

“दिलीय. पण केंद्राचा कायदा अजून नाहीच म्हणतो. आणि तिचं घर केंद्राच्या मदतीवरचं आहे, बाबा. रस्त्यावर ती कायद्यात, आणि दाराच्या आत आली की गुन्हेगार. कुणी तक्रार केली तर घर जाईल.”

“तक्रार कोण करणार?”

“शेजारी. कुणीही.”

बाबांनी कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते कठड्याला धरून जिना चढून वर आले. म्हणाले, “मला ऐकव ती बाई.” मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. इंग्रजी त्यांना कामापुरतं येतं, पण हे उच्चार वेगळे. तरी ते हलले नाहीत. शेवटी ती म्हणते, मला नशा नको, मला फक्त झोप हवी आहे. झोप हा शब्द त्यांना कळला असावा. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

मग जे सांगितलं ते मी चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तरुणपणी ते पोफळीला, वीजघराच्या कामावर, एका खासगी ठेकेदाराकडे स्टोअर सांभाळत होते. तिथे देवरूखच्या वरच्या अंगाच्या गावातला एक कामगार होता. दगड पडून त्याचा खांदा निकामी झालेला. त्याने खोलीमागे, झेंडूच्या आड, गांजाची दोन झाडं लावली होती. बाबांनी ती पाहिली आणि साहेबाला जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कामावरून काढलं. ट्रंक डोक्यावर घेऊन तो बाबांच्या समोरून गेला. “भाऊ, झोप लागत नव्हती हो,” एवढंच म्हणाला.

“कायद्याने बरोबरच होतं माझं,” बाबा म्हणाले. “तेव्हाही, आत्ताही.” पण हे ते मला सांगत नव्हते.

आठवड्याभराने त्यांनी स्वतःहून देवरूखच्या वैद्यांकडे जायचं म्हटलं. वैद्य आमच्या ओळखीचे. त्यांनी पाठ बघितली, नाडीला हात लावला आणि म्हणाले, “विजया असलेलं एक औषध आहे. विजया म्हणजे भांग. चिठ्ठीवर मिळतं, चोरून काही नाही.”

“म्हणजे आपल्याकडे चालतं?” मी विचारलं.

“आपल्याकडेही तिथल्यासारखाच घोळ आहे. फुलोरा आणि चरस केंद्राच्या कायद्यात. नुसतं पान राज्याच्या हातात. पान राज्याचं, फूल केंद्राचं. झाड बिचारं एकच.” ते हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली आणि बाहेर आल्यावर रिक्षावाल्याला एका गावाचं नाव सांगितलं. ते नाव इतकी वर्षं त्यांच्या तोंडात तयार होतं.

रस्ता चढत गेला. दोन्ही बाजूंना कातळावर वाळलेलं गवत, दुपारचं ऊन आणि कुठेही माणूस नाही. रिक्षाचा आवाजसुद्धा लांबून आल्यासारखा वाटत होता. मला वाटलं, आपण अशाच वर वर जात राहणार आणि गाव येणारच नाही. पण आलं. विचारत विचारत पोचलो त्या घराच्या खळ्यात एक म्हातारा काजूच्या बिया उन्हात पसरत होता. डावा हात अंगाला धरलेला.

“येवा, बसा वायच,” ओळख न विचारताच तो म्हणाला.

बाबा बसले नाहीत. त्यांनी आधी नाव सांगितलं, मग ठेकेदाराचं, मग झाडांचं. “साहेबाला मी सांगितलं होतं,” ते म्हणाले. “माझं चुकलं.”

म्हातारा बिया पसरायचा थांबला. “तुम्ही?”

“मी.”

“मी तर समजलो सुतारानं सांगितलं. माझ्याच गावचा तो. बाजूच्या खोलीत व्हता. त्याच्याबिगर कुणाला ठावं असणार?” तो हळूच खाली बसला. “जल्मभर बोललो नाय त्याच्याशी. त्याच्या मयताला पण गेलो नाय.”

एका माणसाचं ओझं घेऊन बाबा डोंगर चढून आले होते. इथे दुसरा माणूस निघाला, आणि तो आता नव्हता. म्हातारा उठून आत गेला. मला वाटलं, आता काही तो बाहेर येत नाही. आत भांड्यांचा आवाज झाला, मग बंद झाला. थोड्या वेळाने तो टोपी घालून बाहेर आला.

“तुमचं चुकलं ता चुकलंच,” तो म्हणाला. “पन माझं पन हाय. त्याचा झील खालच्या वाडीत ऱ्हातो. चला, त्याला सांगूया.”

दोघे पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरायला लागले. एकाला पाठ वाकवता येत नव्हती, दुसऱ्याला हात उचलता येत नव्हता. मी मागून चालत होते. पायरी अवघड आली की म्हातारा थांबून चांगला हात पुढे करायचा आणि बाबा तो धरायचे. ते उतरणं मला अजून तसंच दिसतं, आवाज नसलेलं.

सुताराचा मुलगा पन्नाशीचा होता, हातात रंधा. त्याने दोघांचं सगळं ऐकून घेतलं. त्याला त्यातलं किती उमगलं कोण जाणे. बापाशी न बोलणाऱ्या या माणसाबद्दल त्याने लहानपणापासून फक्त एवढंच ऐकलं होतं की त्या घरी जायचं नाही. बोलणं संपल्यावर त्याने विचारलं, “मग काका, गणपतीला आमच्याकडं येनार काय?”

“येईन की,” म्हातारा म्हणाला आणि अंगणातल्या भुशाकडे बघत उभा राहिला.

औषधाने बाबांची आग गेली असं म्हणता येणार नाही. पण सदरा घालता येऊ लागला, आणि दुपारी पडवीत त्यांचा डोळा लागू लागला. त्यांना झोपलेलं बघितलं की मी जिन्यावरून अनवाणी जायची.

सुनावणीची शेवटची फीत शिमग्याच्या आसपास आली. अध्यक्षांनी म्हातारीचं नाव पुकारलं. ती आली नव्हती. तिचं पत्र दुसऱ्या कुणी वाचून दाखवलं, घाईघाईने, कुठेही न थांबता. मतदान झालं आणि राज्याने हो म्हटलं. केंद्राचं काय, त्याचा त्या फितीत उल्लेखही नव्हता. तिचं घर राहिलं की गेलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

त्या वर्षी गणपतीत सुताराच्या घरून आम्हालाही बोलावणं आलं. मी आत बायकांबरोबर मोदक वळायला बसले होते. बाहेर ओटीवर आरती सुरू झाली तेव्हा दाराच्या फटीतून बघितलं. म्हातारा एका हाताने टाळी वाजवू शकत नव्हता, म्हणून बाबांच्या तळहातावर आपला तळहात मारत होता. ताल चुकत होता, पण कुणी काही बोललं नाही.