संशयाच्या फळीवरचा मासा

मासळी संशोधन केंद्रात बरण्यांच्या खोलीवर ज्या बाई होत्या, त्यांना बंदराचा सगळा धक्का खातरजमा मावशी म्हणायचा. पाठीमागे हं! तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. सकाळी सहाला रबरी बूट घालून, कानावर पेन्सिल खोचून मावशी धक्क्यावर उतरल्या, की बोटी चालवणारे चांगले मिशाळ तांडेलसुद्धा पाठ वळवून आपल्या बोटीच्या दोऱ्या सारख्या करायला लागायचे.

काम तसं साधं. बोटी रिकाम्या होताना विकाऊ मासळीबरोबर एखादा भलताच मासा वर येतो. त्याला गिऱ्हाईक नसतं. तो मावशींनी उचलायचा, कुठे मिळाला, किती खोलावर, जाळ्यात की गळाला, हे तांडेलाला विचारून चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठीसकट मासा स्पिरिटच्या बरणीत सोडायचा. अशा हजारो चिठ्ठ्यांवरून आपल्या समुद्रात कोणता मासा कुठून कुठवर राहतो, याची यादी केंद्र करतं. आता गंमत बघा. ही सगळी यादी उभी तांडेलांच्या शब्दावर, आणि मासे कुठे लागतात हे खरं सांगेल तो तांडेल कसला! सख्ख्या जावयाला सांगत नाहीत, तर केंद्राच्या बाईला सांगतील होय?

म्हणून मावशी विचारायच्या कमी आणि बघायच्या जास्त. "पार दक्षिणेला जाऊन आलात म्हणता, आणि बर्फ निम्मा शिल्लक? बोटीला पंख फुटले का?" नांगराला चिकटलेला चिखल कुठल्या तळाचा, ते बोटांत चोळून बघायच्या. बोटीवरच्या आचाऱ्याला गोडीगुलाबीनं वेगळं गाठायच्या. दोघांचं सांगणं जुळलं नाही, की चिठ्ठीवर फुली. फुलीच्या बरण्या जायच्या सगळ्यात खालच्या फळीवर. ती संशयाची फळी. तिथून वर आलेली बरणी कोणी पाहिली नव्हती.

घरीही तोच खाक्या. यजमान म्हणायचे, "मला ताप आला, तर ही आधी थर्मामीटर बदलून बघते. नवरा खोटं बोलतो असं नाही म्हणत, थर्मामीटर बोलत असेल म्हणते!"

पण हा स्वभाव काही जन्माबरोबर आलेला नव्हता. मावशी नोकरीला लागल्या, तेव्हा केंद्रावर एक भोळे साहेब होते. गळाच्या बोटी आमिष म्हणून गोठवलेली मासळी वापरतात. ती कुठल्या कुठल्या दूरच्या समुद्रांतून पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून येते, आणि त्यात कधीमधी तिकडचा एखादा नवलाचा मासाही येतो. एका टवाळ तांडेलानं असाच एक खोक्यातला मासा काढून, "साहेब, आज इथंच मिळाला," असं सांगून त्यांच्या हातात ठेवला. साहेब हुरळले. या भागातली पहिली नोंद म्हणून छापून मोकळे झाले. वर्षभरात सगळं उघडकीला आलं आणि साहेबांची अशी शोभा झाली, की ते पुन्हा धक्क्यावर फिरकलेच नाहीत. त्यांचं ते खाली घातलेलं तोंड मावशींनी जवळून पाहिलं होतं. त्यांनी कानाला खडा लावला.

आणि त्याचा पहिला फटका बसला तो सख्ख्या भावाला.

दादा गळाच्या बोटीवर तांडेल होता. आईवडील लवकर गेले, तेव्हा स्वतः शाळा सोडून तो बोटीवर गेला आणि धाकट्या बहिणीला शिकवलं. बहीण केंद्रात लागली तेव्हा हा गडी धक्क्यावर छाती काढून फिरायचा. चौदा वर्षांपूर्वी एका सकाळी तो स्वतः एक मासा दोन्ही हातांवर आडवा घेऊन केंद्राचे दोन जिने चढून आला. मासा कसला, ध्यानच होतं! काळंभोर अंग, खवला म्हणून एक नाही, सशासारखे पुढे आलेले दात, हिरवे बटबटीत डोळे आणि दोऱ्यासारखी निमुळती होत गेलेली लांबच लांब शेपटी.

"घळीत लागला," दादा धापा टाकत म्हणाला. त्याच्या पुढे तो आणखीही काही सांगत होता.

घळ म्हणजे दोन दिवसांच्या वाटेवर समुद्राचा तळ एकदम खाली कोसळतो ती जागा. तिथे कोणी फारसं जात नसे. आणि असला मासा पुस्तकांप्रमाणे सापडत होता तो जगाच्या दुसऱ्या टोकाला. मावशींनी मासा उलटा केला. त्या गुळगुळीत अंगावर सरळ सरळ वळ उठले होते, पुठ्ठ्याचे. शेपटीजवळ निळ्या शाईचं अर्धं अक्षर उमटलं होतं. आमिषाच्या खोक्यावरचं अक्षर.

"दादा, तूसुद्धा?" एवढंच मावशी बोलल्या.

चिठ्ठीवर लिहिलं, 'खोक्यातला. संशयास्पद.' आणि फुली मारली. दादा तसाच जिना उतरून गेला. दाराशी फरशी पुसणाऱ्या बाईनं सगळं ऐकलं होतं, मग काय विचारता! दुपारपर्यंत धक्काभर झालं. त्या दिवसापासून दादाचं नाव पडलं गप्पाड्या. समुद्रावर असताना वायरलेसवरूनही बाकीचे तांडेल विचारायचे, "काय गप्पाड्या, आज कुठल्या देशाचा मासा?" दादा केंद्राची पायरी पुन्हा चढला नाही. कुणाच्या लग्नाकार्यात भाऊबहीण समोरासमोर आले, तर तब्येतपाणी विचारायचे आणि दोन टोकांना जाऊन बसायचे. मावशींच्या मनात मात्र तिळभर शंका नव्हती. वळ होते ना अंगावर!

यंदा केंद्रात नव्या मॅडम आल्या. वयानं तिशीच्या आत, पण कामाला वाघ. मोठ्या जहाजावरून त्या घळीत जाऊन आल्या आणि येताना तेच मासे घेऊन आल्या. एक नाही, तीन! तेच दात, तेच डोळे, तीच शेपटी.

मावशींनी ट्रे पाहिला आणि पहिला प्रश्न टाकला, "जहाजावर आमिषाची खोकी होती का हो?"

मॅडम हसल्या. "मावशी, तीस माणसांसमोर जाळं वर आलंय. आणि हे बघा." त्यांनी संगणकावर चित्रफीत लावली. खाली सोडलेल्या कॅमेऱ्यासमोरून अंधारात एक हिरवा डोळा सावकाश सरकत गेला. मावशींनी ती तीनदा बघितली. चौथ्यांदा लावा म्हणून त्या पडद्याच्या आणखी जवळ सरकल्या.

आता गप्प बसल्या असत्या, तर कोणाला काय कळणार होतं? खालच्या फळीकडे कोण वाकून बघतंय? त्यांनी एक रात्र तसा विचारही केला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्याचं खोटं ज्या बाईला पचत नव्हतं, तिला स्वतःचं कसं पचावं? सकाळी त्या गुडघ्यांवर बसल्या, फळीच्या पार मागच्या कोपऱ्यातून बरणी ओढून काढली, धूळ पुसली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली.

मॅडमनी मासा मोजला, दात तपासले, मग पोट उघडलं. आत खेकड्यांची बारीक लाल कवचं होती. घळीतून जहाजानं आणलेले खेकडे शेजारच्या बशीत होते, ते हुबेहूब तसेच, आणि ती जात आपल्या घळीखेरीज कुठेच मिळत नाही. मॅडम उभ्याच राहिल्या. "मावशी, हा आपल्याच घळीतला आहे! जहाजाच्या चौदा वर्षं आधीचा! म्हणजे पहिली नोंद ही. कोणी आणला होता?"

"माझ्या भावानं."

"मग त्यांचं नाव छापून येईल!" मॅडमनी चिठ्ठी पालथी करून बघितली, पुन्हा सरळ केली. "पण जागा कुठे लिहिलीय? खोली?"

चिठ्ठीवर दोन शब्द आणि एक फुली. बाकी कोरी.

"घळीची लांबीच सत्तर मैल आहे, मावशी. त्यात नेमकं कुठे, किती खोल, ते हवं. त्याशिवाय नकाशावर ठिपका नाही देता येत, आणि तुम्हीच तर हे सगळ्यांना शिकवता. लेख सोमवारी जायचाय. भाऊंना विचारा ना. नाहीतर जहाजाचे तीनच जातील."

रविवारी दुपारी मावशी भावाच्या घराचा जिना चढल्या. तीन मजले. पहिल्या मजल्यावर मनात आलं, आता हा सूड उगवणार. दुसऱ्यावर आलं, मुद्दाम खोटी जागा सांगितली तर? तिसऱ्यावर पोचेपर्यंत त्यांनी मनातल्या मनात त्याला उलटसुलट विचारायचे चार प्रश्न तयारसुद्धा केले. धन्य ती बाई!

दार वहिनीनं उघडलं. ती नुसती बाजूला झाली. दादा गॅलरीत खुर्चीवर बसून जावयाच्या बोटीसाठी दोरीला गळ बांधत होता. गुडघ्याला पट्टा होता. मावशींना बघून हात थांबले नाहीत.

"तो मासा खरा होता," मावशी उभ्या उभ्याच म्हणाल्या. "जहाजाला तसेच मिळाले. तुझाही घळीतलाच ठरलाय. पण दादा, त्याच्या अंगावर खोक्याचे वळ कसे रे उठले?"

"चौदा वर्षांनी विचारतेस?" दादानं गाठ आवळली. "तूच पढवलं होतंस ना, शेपटी मोडली तर लांबी मोजता येत नाही, मासा सरळच आणायचा म्हणून? बोटीवर तेवढं लांब दुसरं होतं काय? आमिषाची दोन खोकी उकलून जोडली, त्यांत निजवला आणि वर बर्फ घातला. परतीचे दोन दिवस कोणाला त्या बाजूला पाय ठेवू दिला नाही मी."

मावशी गॅलरीच्या उंबऱ्यावर बसल्या. नजर वर होईना. वहिनीनं पाण्याचा पेला आणून शेजारी ठेवला, तो तसाच राहिला.

"चुकले मी," त्या शेवटी म्हणाल्या. "पार चुकले. आता पहिली नोंद तुझ्या नावावर लागेल. धक्क्यावर एकाचीही तोंड उघडायची बिशाद नाही. फक्त जागा आणि खोली सांग, उद्या लेख जायचाय."

"सांगितलं होतं की." दादानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "जिना चढल्या चढल्या सगळं सांगितलं होतं. आकड्यांसकट. दोनदा."

"मी लिहिलं नाही."

"लिहिलं नाही म्हणजे?"

"खोटं वाटलं. म्हणून लिहिलंच नाही."

दादाच्या हातातला गळ खाली पडला. तो काही रागावला नाही, रागावला असता तर बरं झालं असतं. "अगं, मी वहीत नाही टिपलं," तो हळू म्हणाला. "म्हटलं, तू लिहितेयस, तर मी कशाला? इतकी वर्षं मला वाटायचं, खोटं म्हणून का होईना, माझं सांगणं तिथं लिहून ठेवलेलं असेल."

मग त्यानं डोळे मिटले. आठवायला लागला. वारा कुठून होता, दोरी किती वाव सोडली होती, एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी. "सहाशे वाव. की साडेसातशे? घळीच्या या तोंडाला होतो, नाही, ती पुढची खेप." वहिनीला विचारलं, तिला बोट परत आल्याचा वार तेवढा आठवत होता. जुन्या बोटीवरचा सोबती होता, त्याला फोन केला. त्याला तर मासाच आठवेना. अर्धा तास गेला. मावशी पेन्सिल धरून बसल्या होत्या आणि कागद तसाच कोरा होता.

"बहुतेक सहाशे," दादा म्हणाला. "बहुतेक हां."

'बहुतेक' म्हणणाऱ्या तांडेलांना मावशींनी आजवर दारातून परत पाठवलं होतं. आज त्या गुडघ्यांवर पुढे सरकल्या, भावाच्या खुर्चीचा हात धरला. "सहाशे तर सहाशे. जागाही अंदाजानं सांग, दादा. मी पक्की म्हणून लिहिते. मी तपासलंय म्हटल्यावर कोण विचारणार आहे?"

वहिनीनं चमकून वर पाहिलं. मावशींनाही आपण काय बोललो ते कळलं. पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. "सांग ना रे. तुझं नाव राहून जाईल."

 खाली वाकून दादानं पडलेला गळ उचलला, त्याचं टोक लाकडाच्या ठोकळ्यात रोवून ठेवलं.

"नको," तो म्हणाला. "मला नक्की आठवत नाही. खोटं नको लिहूस."

त्यावर मावशींना रडू कोसळलं. ज्याला सगळा धक्का गप्पाड्या म्हणत होता, त्याच्यासमोर त्या हमसाहमशी रडल्या. दादानं थोडा वेळ रडू दिलं. मग खुर्चीवरून हात लांब करून, लहानपणी करायचा तसं तिच्या डोक्यावर हलकेच थापटलं.

"उगी. रडू नकोस," तो म्हणाला. "तेव्हा विचारलं असतंस ना, तर वाव न् वाव सांगितला असता गं."