गोटा की डाळ?

पीएचडीचा विषय घरी सांगितला तेव्हा 'सेंद्रिय' या एका शब्दाने माझा घात केला. बाबा अकोल्याच्या एका डाळमिलमध्ये मशीनवर असतात. त्यांनी मोठ्या कौतुकाने विचारलं, "मंग शेणखत तुमीच बनवता काय तिथं अमरावतीले?" हे सेंद्रिय म्हणजे कार्बनचे पदार्थ, त्यांच्यापासून सौरघट करायचे, खताचा काही संबंध नाही, हे समजावता समजावता माझा चहा निवला. शेजारच्या काकूंनी तर तोवर कुंडीतल्या गुलाबासाठी ओंजळभर मागूनही ठेवलं होतं.

शेवटी मी बाबांच्याच धंद्यात शिरले. "तुरीचा एक दाणा फुटला तं डाळी किती?"

"दोन."

मग पुढचं सोपं झालं. नेहमीच्या सोलर पॅनलवर प्रकाशाचा एक कण पडला की विजेचा एकच कण मोकळा होतो आणि उरलेली ताकद उष्णता होऊन वाया जाते. आमच्या प्रयोगातल्या नारिंगी पदार्थात मात्र प्रकाशाच्या त्या एका कणाच्या ताकदीचे आधीच दोन भाग पडू शकतात. त्या दोन्ही भागांकडून वीज काढता आली तर तेवढ्याच उन्हात जास्त काम.

बाबांना हे इतकं आवडलं की मला पस्तावायची वेळ आली. टरफल निघालेला पण न फुटलेला अख्खा दाणा म्हणजे मिलच्या भाषेत गोटा. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न तोच: "काय वं, डाळ पडली का गोटाच हाय अजून?"

"गोटाच हाय, बाबा."

हे उत्तर देऊन देऊन मी रडकुंडीला आले. काचेवर त्या पदार्थाचा पातळ थर चढवायला बसावं तर ऐनवेळी वीज जायची, हवा काढून घेणारा पंप बंद पडायचा आणि थराची वाट लागायची. शेवटी माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "हा शेवटचा नमुना. यातही काही दिसलं नाही तर विषय बदलू." मला विषय बदलायचा नव्हता. मी चक्क प्रेमात पडले होते त्या नारिंगी पदार्थाच्या.

दोन भाग पडताना डोळ्यांना काही दिसत नाही, त्याची परीक्षा चुंबकाने होते. निळा प्रकाश टाकला की थर मंद चमकतो. आत भाग पडत असतील, तर चुंबकाचा जोर वाढवत नेताना ती चमक आधी किंचित उतरते आणि मग चढते. नुसतीच हलली तर तो दिव्याचा खोडसाळपणा.

एमएस्सीच्या लॅबमधून विद्युतचुंबक मागून आणला. एप्रिलचा महिना, आणि वाऱ्याने काही हलू नये म्हणून पंखा बंद. अचलपूरची माझी मैत्रीण चुंबकाच्या बटणावर बसली. ती रागात आणि आनंदात, दोन्ही वेळा हिंदीवर जाते. मी जरा पुढे वाकले तर ओरडली, "टेबल को हात मत लगा!"

चमक मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा उतरला. तिने जोर वाढवला. आकडा थबकला आणि मग हळूहळू वर निघाला. आम्ही एकमेकींकडे बघायचंही टाळलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. थराच्या जागी तशीच चमकणारी साधी रंगीत काच ठेवून पाहिली, तिचा आकडा ढिम्म. मग मात्र आम्ही दोघींनी असा आरडाओरडा केला की शेजारच्या वर्गातलं शिकवणं थांबलं. मॅडम धावत आल्या, आलेख पाहिला, चष्मा पुसून परत पाहिला आणि सगळ्यांसाठी दह्यातला गिला वडा मागवला. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

मी बाबांना फोन लावला. रविवार नव्हता, त्यामुळे ते घाबरले. "काय झालं वं माय?"

"बाबा, डाळ पडली!"

मिलच्या घरघरीत त्यांना काही ऐकू जाईना. मी घसा ताणून पुन्हा ओरडले. घरघर एकदम थांबली. ऐन हंगामात, मालकाला न विचारता, बाबांनी मशीन बंद केली होती. फोन कानाला तसाच ठेवून ते आवारात ओरडले, "माह्या पोरीची डाळ पडली!"

तूर वाळत घालणाऱ्या बायांपैकी कुणीतरी विचारलं, "कायची डाळ, भाऊ?"

"उनाची!" बाबा म्हणाले.