पाचशे बारा एमबीची चाचणी

शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या एका गोदामात मी सात वर्षं कॉम्प्युटरचं काम पाहिलं. तिथली ही गोष्ट मी घरातसुद्धा कधी काढली नाही. आता पन्नाशी आली. गप्प बसवत नाही.

गोदामाच्या गेटवर एक ताई बसायच्या. तानशाकडच्या पाड्यावरच्या, शहापूरला टायपिंग शिकलेल्या. ट्रक आला की नोंद करून गेटपास छापून द्यायचा, हे त्यांचं काम. एका वर्षी दसऱ्याच्या सुमारास एकेका पासला चार-चार मिनिटं लागायला लागली. ट्रकवाले हॉर्नवरचा हात काढेनात. मॅनेजरने मला बोलावलं.

"मशीन स्लो आहे का बाई स्लो आहे, तेवढं लेखी दे. बाई असेल तर दिवाळीआधी बदलतो."

ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "दादा, मी बटन दाबते नि बघत बसते. माझी बोटं नाय थांबत, त्यो डबा थांबतो."

मलाही डिस्कचाच संशय होता. डिस्क किती वेगाने लिहिते ते मोजणारं एक साधन मी नुकतंच शिकलो होतो. छोट्याशा फाइलीत सेटिंग लिहायची: चाचणीसाठी केवढा मजकूर लिहायचा, एका वेळी केवढा तुकडा, आणि मशीनच्या चपळ मेमरीला मध्ये पडू द्यायचं नाही, नाहीतर वेग तिचाच मोजला जातो. तुकडा मी एक हजार बाइटचा ठेवला. हिशेबाला सोपा. साधन अडून बसलं. सेटिंग चुकलंय म्हणे. कुठलं, ते सांगेना. मी एकेक ओळ काढून पाहिली. मेमरीला मज्जाव करणारी ओळ काढल्यावर ते निमूट चालू झालं. तिथेच थांबून विचार करायला हवा होता. मेमरी वगळून थेट लिहायचं तर त्या डिस्कला पाचशे बारा बाइटच्या पटीतलाच तुकडा लागतो, हजार चालत नाही. चूक हजारात होती, मी काढली भलतीच ओळ.

त्यात भारनियमन. अकराला लाइट जायची ती जायचीच, आणि यूपीएस वीस मिनिटांचा. आठ जीबीची चाचणी दोन दिवस लागोपाठ अर्ध्यात मेली. माझं निम्मं लक्ष घड्याळावर, निम्मं मॅनेजरच्या दारावर. ऊठ-बस चाललेली. तिसऱ्या दिवशी मी आठ जीबी खोडून पाचशे बारा एमबी केलं. पाच-सहा सेकंदांत चाचणी संपली. आकडा झकास. 'डिस्क उत्तम' असं लिहून सही ठोकली.

मशीनची मेमरी होती दोन जीबीची. माझा सगळा मजकूर तिच्यातच मावला, डिस्कला धक्काही लागला नाही. भाताचं पोतं गिरणीच्या दारात ठेवायचं आणि गिरणी जोरात चालते म्हणायचं, तसलं ते.

ताईंना पॅकिंगला पाठवलं. ती शिफ्ट त्यांच्याकडची शेवटची एसटी निघून गेल्यावर सुटायची. आठवडाभर त्या कुणाकुणाच्या टेम्पोतून गेल्या, मग यायच्या बंद झाल्या.

गेटवर नवा माणूस बसला, तरी पास तसाच रडत होता. दिवाळीत लाइट टिकली, तेव्हा मी पुन्हा बसलो. तुकडा हजार चोवीसचा केला, मेमरीची ओळ परत घातली, आठ जीबी लावले. आकडा विसाव्या हिश्शावर आला. डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. मी 'नेहमीची देखभाल' लिहून डिस्क बदलली. कुणाला काही बोललो नाही. पास झटझट निघायला लागले.

मॅनेजर म्हणाला, "बघितलंस? बाई हलवली नि गाडी सुटली."

मी हसलो. चूक मला माफ होईल एखाद वेळेस. ते हसू नाही.

गेल्या वर्षी पाडा शोधत गेलो. ताई अंगणात मोहाची फळं फोडत होत्या. मी सगळं सांगितलं, जमेल तसं, हजाराचं आणि मेमरीचंही. त्यांचे हात थांबले.

"म्हंजे माझी बोटं चांगली होती?"

"चांगली होती."

"आमच्या पोरीनं मोबाईल दिला तरी मी बटनाला हात नाय लावला रे दादा. वाटायचं, माझ्या हातानं अडंल." मग घराकडे तोंड करून त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "हिकडं या. ह्ये काय सांगतात ते ऐका. तुमी मला इतकी वर्सं गोगलगाय म्हनता ना."

तो बाहेर येऊन ओट्यावर टेकला. त्याच्यासमोर मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. डिस्क म्हणजे काय, तेही.

शेवटी तो म्हणाला, "ह्ये तुला कवा कललं?"

"त्याच दिवाळीत."

"तवा हिची जागा भरलेली होती?"

"भरून दहा-बारा दिवसच झाले होते. परत बोलावता आलं असतं."

तो बायकोकडे बघत राहिला. ताईंनी पुढचं फळ दगडावर ठेवलं, पण फोडलं नाही.