पेन कुठे उचलायचं

आमच्या घरात माझ्या आत्याला फूटपट्टी म्हणतात. तोंडावर नाही हो, एवढी छाती आहे कुणाची? पाठीमागे. सरळ चालते, सरळ बोलते आणि वेळ आली की सपकन लागते, म्हणून फूटपट्टी. वय एक्काहत्तर. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मधली चार वर्षं सोडली तर तिने पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं एकच काम केलं. धरणाखालच्या नदीची पातळी कागदावर उतरवायची. दर तीन तासांनी तिथला मोजणीदार नदीतल्या पट्टीवरचा आकडा बघून फोनवर सांगायचा. आत्या चौकटीच्या कागदावर त्या आकड्याचं टिंब द्यायची आणि आठवडा संपला की टिंबं शाईने जोडायची. झालं काम. लहानपणी मला वाटायचं, यात काय मोठंसं? टिंबं जोडायला आम्हाला बालवाडीतच शिकवलं होतं.

बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, एक गोष्ट पाहुण्यांना फार रंगवून सांगायचे. एकदा पूर आला, मोजायची पट्टीच वाहून गेली आणि नऊ तास आकडा आला नाही. साहेब म्हणाले, अलीकडचं टिंब आणि पलीकडचं टिंब जोडून टाका, अहवाल जायचाय. आत्या म्हणाली, नाही. नाही म्हणजे नाही! मग तिला मिळायची ती हेडची खुर्ची दुसऱ्याला मिळाली आणि आत्या चार वर्षं रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात बसली. शेवटी बाबा मांडीवर थाप मारायचे, "एक रेघ ओढली असती तर काय आभाळ कोसळलं असतं?" सगळे हसायचे. मीही हसायचे, सांगायला आता लाज वाटते. आत्या उठून आत जायची.

दोन महिन्यांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती माझ्याकडे राहायला आली. माझ्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत माझं टेबल, कॉम्प्युटर, त्याला चिकटून तिचा पलंग. सोबत दोन पत्र्याच्या पेट्या आणल्या होत्या. एकीत कपडे, दुसरीत खात्याने रद्दीत काढलेल्या तिच्या कागदांच्या गुंडाळ्या, शाईची पेनं, खोडरबर.

"या रविवारी रद्दीवाल्याला बोलाव," ती एका सकाळी म्हणाली. "दुसरी पेटी रिकामी करायची आहे."

"अगं, तुझं आयुष्य आहे ते."

"मशीनने दोन मिनिटांत काढलं असतं ते मी जन्मभर काढत बसले. आणि तुझा बाप म्हणतो ते खरंच असेल. हट्टच असेल माझा."

मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात बोलली. मला चर्रर्र झालं. इतकी वर्षं ही बाई त्या गोष्टीला उत्तर देत नव्हती, कारण तिच्याकडे उत्तरच नव्हतं. पण खरं सांगते, त्या आठवड्यात मला माझंच निस्तरता येत नव्हतं.

मी इंटरनेटवर गणिताचा कॅल्क्युलेटर चालवते. आठ वर्षं झाली, एकटी चालवते. पोरं अपूर्णांक टाकतात, समीकरणं टाकतात, उत्तर घेऊन पळतात. सगळ्यांची एकच मागणी होती, ताई, ग्राफ द्या. तीन महिने खपून मी ग्राफ दिला. युक्ती सोपी आहे. समीकरण टाकलं की कॉम्प्युटर डावीकडून उजवीकडे आठशे ठिकाणी उत्तर काढतो, प्रत्येकाचं टिंब देतो आणि टिंबं जोडतो. पहिला वक्र स्क्रीनवर उमटला तेव्हा मी खुर्चीतून उडालेच. सोमवारी ग्राफ लोकांसाठी खुला केला.

गुरुवारी एका विद्यार्थिनीचं पत्र. "एक भागिले एक्सचा ग्राफ तुमच्याकडे बघून काढला. मधली उभी रेघ पण काढली. बाईंनी पूर्ण प्रश्नाला शून्य दिलं. कुणी शिकवलं हे, असं विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं."

घ्या! आधी मी त्या बाईंवर चिडले, मग त्या पोरीच्या मोबाइलवर चिडले. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! मग उघडून पाहिलं, तर ग्राफच्या बरोबर मध्ये ती उभी, विजेच्या खांबासारखी. आता हा ग्राफ कसा असतो सांगते. डावीकडून शून्याजवळ येता येता तो खाली खाली जातो, त्याला तळच नाही. शून्याच्या पलीकडे तो वर कुठूनतरी उतरत येतो, त्याला माथा नाही. आणि शून्यावर? काही नाही. शून्याने भागताच येत नाही. पण माझ्या कॉम्प्युटरला त्याचं काय? खाली शेवटचं टिंब दिसलं, वर पुढचं टिंब दिसलं, जोडून मोकळा.

मी ठरवलं, टिंबांमध्ये फार अंतर असेल तर जोडायचं नाही. खांब गेला. पण जे ग्राफ खरोखरच सरळसोट चढतात त्यांचे तुकडे पडले. तुकडे सांधले की खांब परत हजर. एकीकडे शिवावं तर दुसरीकडे उसवायचं. शनिवारी दुपारी मी माउस टेबलावर आपटला.

"मेला का गं?" पलंगावरून आवाज आला.

"कोण?"

"उंदीर तुझा."

"आत्या, तू पड ना जरा!"

पडते कुठली! काठी टेकत टेकत माझ्या मागे येऊन उभी राहिली. चष्मा पुसला, स्क्रीनकडे बघितलं आणि बोट थेट त्या खांबावर ठेवलं.

"ही रेघ कुणी काढली?"

"मशीनने."

"त्याला कुणी सांगितलं, इथे पाणी होतं म्हणून?"

मी खुर्ची बाजूला सरकवली.

"इथे पेन उचलायचं असतं," ती म्हणाली.

"ते मलाही कळतं गं! पण कुठे उचलायचं आणि कुठे नाही, हे मशीनला कसं कळणार? एक खरा चढ असतो, एक तुटलेलं असतं. मशीनला दोन्ही सारखंच दिसतं."

"मलाही सारखंच दिसायचं. धरणाचे दरवाजे उघडले की नदी एकदम चढायची, टिंब पार वर जायचं. ते खरं असायचं. आणि कधी पट्टीच जागेवर नसायची."

"मग तू काय करायचीस?"

"विचारायची. मोजणीदाराला फोन लावायचा, बाबा रे, मधल्या वेळेचा आकडा आहे का वहीत? त्याने दिला की मध्ये एक टिंब. तरी मोठी फट वाटली तर त्याच्याही मधला माग. फट कमी कमी होत गेली तर नदी खरंच चढली आहे, बिनधास्त जोड. आणि मागून मागून फट तशीच राहिली, नाहीतर आकडाच नसला, तर पेन उचल. आपल्याला माहीत नाही तिथे रेघ ओढायची नाही."

मी दोन दिवस जगभरच्या हुशार माणसांचं लिखाण उपसत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ही बाई माझ्यापासून तीन हातांवर वाटाणे सोलत बसली होती.

मी तसंच लिहिलं. संशय आला की कॉम्प्युटरने मध्ये जाऊन विचारायचं, पुन्हा त्याच्या मध्ये, पुन्हा. तासाभराचं काम. आत्या स्टूल ओढून बसली होती. बटण दाबलं. ग्राफचा डावा हात खाली गेला, उजवा वर गेला आणि मध्ये पांढरं. स्वच्छ पांढरं. मग सरळसोट चढणारे ग्राफ टाकले, एकाचाही तुकडा नाही. शून्याने भागू नये हे मी शाळेत घोकलं होतं. पण ते "नाही" असं डोळ्यांसमोर उघडं कधी पाहिलं नव्हतं. आम्ही दोघी कितीतरी वेळ नुसत्या त्या रिकाम्या जागेकडे बघत बसलो. मला आपण फार लहान आहोत असं वाटलं, आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

त्या पोरीला कळवलं. संध्याकाळी तिचं उत्तर आलं, "रेघ गेली. पण आता मध्ये काहीच दिसत नाही. बिघडलंय का?"

मी लिहायला लागले तर आत्या म्हणाली, "थांब, मी सांगते. लिही. बिघडलेलं नाही. तिथे काही नाही, म्हणून काही काढलेलं नाही. कुणी काढ म्हणालं तरी काढू नकोस."

शब्द न शब्द तसाच पाठवला.

रविवारी सकाळी रद्दीवाला यायच्या आधी मी दुसरी पेटी उघडली. "पुराची गुंडाळी कुठली गं?"

"निळ्या दोरीची," ती म्हणाली. कधीपासून वाट बघत असल्यासारखी पटकन म्हणाली.

पलंगावर उलगडली. पलंग संपला, जमिनीवर उलगडत गेले. केसाएवढी बारीक रेघ, अख्ख्या महिन्याची नदी, कुठे थरथर नाही, कुठे शाईचा फराटा नाही. बालवाडीतलं काम म्हणणारी मी, गुडघ्यांवर बसून त्या रेघेच्या मागे मागे सरकत होते. आणि मग रेघ थांबली. तीन बोटं जागा सोडून पुढे सुरू झाली.

त्या तीन बोटांत कागदाचा रंग वेगळा होता. मी कागद उचलून खिडकीकडे धरला, तर तिथून उजेड आरपार आला.

"हे काय झालंय?"

"साहेबांनी पेन्सिलने जोडली. मी खोडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत जोडली. मी परत खोडली. असं चारदा."

"आणि पाचव्यांदा?"

"पाचव्यांदा त्यांनी शाईने जोडली. मी ब्लेडने खरवडली. मग रेकॉर्ड रूम."

हे बाबांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांना ठाऊकच नव्हतं. तिने कुणाला सांगितलंच नव्हतं.

"खरं सांग," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "हट्ट होता का गं माझा?"

माझी जीभ एरवी कात्रीसारखी चालते. तेव्हा मी आधी कागद हळूच खाली ठेवला.

"हट्टच होता," मी म्हणाले. "आणि कालपासून तो माझ्या कॅल्क्युलेटरमध्ये आहे. कुठल्या कुठल्या घरांत पोरं आत्ता ग्राफ काढत असतील. प्रत्येक वेळी मशीन आधी विचारतंय आणि नाहीच कळलं तर पेन उचलतंय. तुझ्यासारखं."

ती बराच वेळ त्या पातळ कागदावरून अंगठा फिरवत राहिली.

"मग त्यालाही पाठवतील रेकॉर्ड रूमला," ती म्हणाली आणि खुदकन हसली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मी तर आधीच रडत होते.

बेल वाजली. रद्दीवाला होता. आज द्यायला काही नाही, म्हणून मी त्याला दारातूनच परत पाठवलं. वळून बघितलं तर आत्या गुंडाळी गुंडाळून निळी दोरी बांधत होती, आणि मला म्हणाली, "तुझ्या बापाला फोन लाव. म्हणावं, बहिणीला काहीतरी दाखवायचंय."